दोन-सहाची बांगडी

निर्मला वहिनी आमच्या घरात आली, तोवर गावात हातांची गोष्ट निघाली की माझंच नाव निघायचं. देऊळगाव राजाहून जालन्याकडं जाताना रस्त्याला लागून आमचं गाव, आणि त्या सगळ्या पट्ट्यात तेव्हा बियाण्याचे प्लॉट. सगळं वऱ्हाड बीटी कपाशी पेरत होतं. अळी मरते म्हणून पेरत होतं, शेजाऱ्यानं पेरली म्हणून पेरत होतं, दुकानात दुसरं काही मिळत नाही म्हणूनही पेरत होतं. पण पाकिटातली ती सरकी तयार कुठं होते, हे पेरणाऱ्याच्या ध्यानीमनी नसायचं. ती आमच्याकडं तयार व्हायची, पोरींच्या नखांनी. संध्याकाळी मादीच्या ओळीतली उद्या उमलणारी कळी धरायची, अंगठ्याच्या नखानं तिची साल गोल फिरवून सोलायची, आतले परागाचे दाणे काढून टाकायचे आणि मधली नाजूक दांडी तेवढी उभी ठेवायची. मग खुणेला देठावर लाल धागा बांधायचा. सकाळी नराचं फूल तोडून त्या दांडीवर फिरवायचं. याला आम्ही क्रॉसिंग म्हणायचो. दांडीला नख लागलं की बोंड गळालंच समजा. आणि धागा सुटला तर बोंड धरूनही उपयोग नाही, कारण बिनधाग्याचं बोंड वेचणीत कुणी हातात घेत नसे.

माझ्या हातून कळी कधी खराब झाली नाही, आणि माझा धागा कधी सुटला नाही. वारा येवो, पाऊस येवो, माझी गाठ जिथल्या तिथं. आमचा मुकादम म्हणायचा, "नंदीची गाठ म्हणजे सासूनं मारलेली गाठ." पोरी हसायच्या आणि मी मान खाली घालून आणखी एक गाठ मारायची. सकाळच्या वेळी प्लॉटात कुणी फार बोलत नसे, नुसत्या बांगड्या वाजायच्या ओळीओळीतून. मला डोळे मिटूनही सांगता यायचं की कुणाचा हात चालतोय आणि कुणाचा थांबलाय. मी शिकण्यात बेताची, रंगानं बेताची, बोलण्यात तिखट. माझ्याकडं मिरवायला होतं ते एवढंच.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी वरवट बकालची. म्हणजे घाटाखालची, आणि आम्ही घाटावरचे. आमच्या जिल्ह्यात हा फरक फार मोठा. तिकडं जमीन काळीभोर पण पाणी खारट, विहिरीचं पाणी प्यालं तर तहान वाढते. तिच्या वडिलांनीही बीटी लावली होती, कोरडवाहू. बोंडं भरायच्या वेळेला पाऊस जो गेला तो गेलाच, आणि अळीनं न खाल्लेलं झाड उन्हानं वाळलं. त्यांनी उभी पऱ्हाटी उपटली, बैलजोडी विकली, आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या विहाराच्या अंगणात साधंसं लग्न लावून दिलं. वहिनी आली तशी पहिल्या दिवशी माठापाशी गेली आणि गडवाभर पाणी एका दमात प्याली. "पानी किती गोड हाय वो तुमचं," आईला म्हणाली. आईचा जीव तिथंच तिच्यावर जडला. मी त्याच माठात रोज दोन मैलांवरून पाणी आणून ओतायची, पण ते गोड आहे असं मला कुणी कधी म्हणालं नव्हतं.

तिची बोली ऐकून मी तोंडात पदर धरून हसायची. मले, तुले, काऊन, हाव, आणि भाकर जळाली की 'जयाली'. नक्कल करून दाखवायची, तर बाबा म्हणायचे, "गोड बोलती गं पोरगी." तिनं एकदा कळण्याची भाकर केली, ज्वारीत उडीद दळून, वर तेलाची धार आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. दादानं तीन भाकरी खाल्ल्या. माझ्या भाकरीला त्यानं आयुष्यात नाव ठेवलं नाही आणि नाव घेतलंही नाही. बाबा पूर्वी शेतातून आले की दारातूनच हाक मारायचे, "नंदे, चहा टाक." वहिनी आल्यावर दोन-चार महिन्यांत ती हाक बदलली. "निर्मले, चहा टाक गं." चहा टाकायचा कंटाळा मला आधीपासूनच होता, पण ती हाक ऐकली की मी हातातलं भांडं आदळायची. आज सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

सगळ्यात कहर केला तो बालाजीच्या यात्रेनं. आम्ही देवळात जाणारी माणसं नव्हे, पण देऊळगावची यात्रा कुणी चुकवायचं नाही; पाळणे, रेवड्या आणि बांगड्या सगळ्यांच्याच. आमच्याकडं बाईच्या हाताचं माप बांगडीवरून काढतात. बांगडीवाली हात हातात घेते, अंगठ्याचं हाड दाबते आणि जमेल तितकी लहान बांगडी चढवते. जेवढी लहान चढली तेवढं कौतुक. वहिनीच्या हातात दोन-चारची बांगडी पाण्यात मासा शिरावा तशी गेली. मग माझा हात. दोन-चार अंगठ्यापाशीच अडली. साबण लावला, पुन्हा दाबला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, एक बांगडी फुटून खरचटलंही. शेवटी दोन-सहा, तीही कुरकुरत. बांगडीवालीनं आईला विचारलं, "यातली लेक कोणती अन् सून कोणती?" आईनं सांगितलं. ती म्हणाली, "उलटं झालं की बाई. सुनेचा हात घरात ठेवण्यासारखा, लेकीचा हात वावरात." आई हसली. आई हसली हे मी अजून विसरले नाही.

एकच समाधान होतं मला. वहिनीला गाठ मारता येत नसे. कळी ती माझ्यापेक्षा चपळ सोलायची, खोटं कशाला बोलू, दांडीला तिचं नख कधी लागत नसे. पण तिचे धागे सकाळपर्यंत खाली पडलेले असायचे. मी ते वेचून पदराच्या टोकाला बांधायची आणि घरी बाबांसमोर सोडायची. बाबा म्हणायचे, "शिकंल." वहिनी रागवायची नाही. "माह्यानं घट्ट बांधनंच होत नाही, बाई," ती मला म्हणायची, "फुलाले फास बसल्यावानी वाटते." मी म्हणायची, "फास नाही वहिनी, खूण असती ती. खूण सैल असून चालत नाही." असं काही बोलले की दिवसभर मला बरं वाटायचं.

त्या हंगामात आमच्या प्लॉटची सरकी बियाणं घेणाऱ्या कंपनीच्या उगवणीच्या चाचणीत बसली नाही. लॉट फेल, एवढंच कळवलं. का फेल, कुणाच्या हातानं फेल, हे कोण सांगणार. पुढच्या सालाला आम्हाला प्लॉट मिळाला नाही. बाबा सकाळी उठून रिकाम्या वावरात जाऊन बसायचे आणि दुपारी जेवायला यायचे, जसं काही काम करून आलेत. दादा कुणाच्या तरी टेम्पोवर जायचा. आणि वहिनी आणि मी, गावातले दोन चांगल्यातले चांगले हात, घरात एकमेकींकडं बघत बसलो.

तेव्हाच रस्त्याच्या कडेनं केबल पुरायला आली. आधी खोदणारे, मग मोठमोठी लाकडी चाकं, त्यावर गुंडाळलेली काळी केबल. आमच्या वावराच्या कोपऱ्यावर, लिंबाखाली, एक मोठा खड्डा घेतला. तिथं दोन केबलींची तोंडं जोडायची होती. ते काम करायला रफिकचाचा आले. चाचा देऊळगावचेच. त्यांचे वडील मणियार, गावोगाव पेटी घेऊन बांगड्या भरायचे. चाचांनी तो धंदा सोडून हे काम शिकून घेतलं होतं. "अब्बा भी कांच का काम करते थे, मैं भी कांच का करता," असं ते म्हणायचे. त्यांचा मदतनीस काविळीनं घरी पडलेला. बाबांशी बोलता बोलता त्यांना कळलं की या घरात क्रॉसिंगवाल्या दोघी रिकाम्या आहेत. बाबांना म्हणाले, "भाऊ, कळी सोलणारा हात मला द्या. बाकी मी शिकवतो."

लिंबाखाली त्यांचा लहानसा तंबू होता, धूळ येऊ नये म्हणून. आत टेबल, जोडणीचं मशीन आणि एक पत्र्याची पेटी. केबलची काळी साल सोलली की आत केसासारख्या रंगीत तारा. त्या तारा म्हणजे काच, हे मला पहिल्या दिवशी खरंच वाटेना. काच वाकते कशी? चाचांनी एक तार घेतली, तिच्या टोकाला पेनासारखी बॅटरी लावली, लाल उजेडाची. दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसला. मग त्यांनी ती तार आपल्या करंगळीला गुंडाळली. करंगळीभोवतीचा तेवढा वेढा लालभडक झाला आणि टोकाचा ठिपका विझत गेला. "पाहा बेटी," ते म्हणाले, "तुटली नाही. तुटली असती तर बरं, लगेच कळतं. ही न तुटता उजेड सोडून देते. वरून पाहणाऱ्याला साबूत दिसते."

"काऊन सोडते?" वहिनीनं विचारलं. मला हा प्रश्न सुचला नव्हता. मी तार किती बारीक आहे हेच बघत होते.

चाचा म्हणाले, उजेड आतल्या आत काचेच्या भिंतीवर घासत पुढं जातो. वळण मोठं असलं तर तो भिंतीवरून परत आत येतो. वळण फार आखूड असलं तर परततच नाही, बाहेर निघून जातो. वहिनी म्हणाली, "औत वळवल्यावानी. धुऱ्यावर जागा सोडली नाही तं बैल जू सोडून पल्याड जाते." चाचांनी मांडीवर थाप मारली. "बस, बस! हेच." मला तिचा असा राग आला. औत मीही बघितलं होतं की जन्मापासून. बैल तर आमच्याकडंच शिल्लक होते, तिच्या बापाकडं नव्हते.

"मग किती वाकवायची?" मी विचारलं, काहीतरी विचारायला पाहिजे म्हणून. चाचांनी पत्र्याच्या पेटीतून हिरव्या काचेची एक बांगडी काढली. वडिलांच्या पेटीतली. "दोन-सहा," ते म्हणाले. "साहेब लोक मोजपट्टीनं सांगतात, मी हिच्यानं सांगतो. हिच्यापेक्षा मोठं वळण कितीही घ्या. हिच्यापेक्षा लहान नाही." मी माझा हात पुढं केला. तीच बांगडी, तेच माप. वहिनीनं आपली काढून त्या बांगडीत ठेवली, ती आत बसली. "माही लहान पडली," ती म्हणाली आणि हसली. मी हसले नाही, पण त्या दुपारी मी माझा हात कितीतरी वेळा फिरवून बघितला. यात्रेतल्या त्या बाईला हाताला धरून तंबूत आणावं असं वाटलं.

महिनाभर आम्ही चाचांबरोबर खड्ड्याखड्ड्यांवर गेलो. तारेची रंगीत साल काढायची, स्पिरिटच्या कापडानं पुसायची, चाचा मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर धरून बारीकशी ठिणगी पाडायचे आणि टोकं जुळायची. मग उरलेली तार ट्रेमध्ये गोल गोल बसवायची आणि ट्रे खड्ड्यातल्या जोडपेटीत ठेवून ती पेटी बंद करायची. हे बसवणं आमच्याकडं आलं. दुपारी खड्ड्याच्या काठावर भाकरी सोडायचो, चाचा घरून खिमा आणायचे, वहिनी वांग्याचं भरीत. चाचा भरीत खाऊन बोटं चाटायचे. माझ्या झुणक्याकडं त्यांचा हात उशिरा वळायचा, हेही मी बघून ठेवलेलं आहे.

एक दिवस चाचांनी बाबांना ओसरीवर बसवून सांगितलं की जालन्याला ठेकेदाराला शिकाऊ माणूस पाहिजे. मशीन चालवायला शिकवतील, राहायची सोय आहे, पुढं कायमचं काम. बाई असली तरी चालेल, हात पाहिजे. "मी एकीचं नाव देऊ शकतो," ते म्हणाले. "दोघींना एकेक पेटी पूर्ण बसवू द्या. मग सांगतो." मी आतून ऐकत होते. मला डोणगावचं स्थळ आलेलं होतं, माणसं बघून गेली होती, होकाराची वाट होती. जालन्याला गेले तर ते सगळं लांबणार होतं. मला ती जागा पाहिजे होती. मशीन पाहिजे होतं, पिवळं हेल्मेट पाहिजे होतं, आणि मुख्य म्हणजे वहिनीला ते मिळायला नको होतं. हे दोन्ही सारखंच पाहिजे होतं, कमी-जास्त सांगता येणार नाही.

माझी पेटी लिंबाखालची, वहिनीची ओढ्यापलीकडची. मी काय सुरेख बसवली होती म्हणून सांगू. प्रत्येक वेढा बांगडी धरून घेतला, दोन-सहापेक्षा एक केसभरही लहान नाही. वेढे एकावर एक, जत्रेतल्या जिलबीसारखे नव्हे, नीट. पण काच हट्टी असते, वेढे उसळून वर यायचे. मग मी पदराच्या टोकाचा लाल धागा काढला, जो वर्षानुवर्षं माझ्यापाशी असायचाच, आणि वेढ्यांना चार ठिकाणी बांधला. घट्ट. माझी गाठ. वहिनीची पेटी मी जाऊन बघून आले होते. वेढे कसेबसे, एक मोठा, एक त्याहून मोठा, चिमणीनं घरटं करावं तसे. मी परत येताना ओढ्याच्या कडेनं गाणं गुणगुणत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याच्या टोकाहून तारेतला उजेड मोजणाऱ्या मीटरवाल्याचा फोन आला. एका पेटीत उजेड गळतोय. कुठल्या पेटीत ते मीटर अंतरावरून सांगतं. चाचांनी फोन खाली ठेवला आणि लिंबाकडं बघितलं. मी म्हणाले, शक्यच नाही. पेटी उघडली. ट्रे जसाच्या तसा देखणा. चाचांनी लाल पेन लावला. उन्हात काही दिसेना. "कुठं गळतंय चाचा?" मी म्हणाले. "तो लाल दिसतोय तो माझा धागा आहे."  चाचांनी बाबांचं घोंगडं मागितलं, ट्रेवर आणि आमच्या तिघांच्या डोक्यावर घेतलं. आत मिट्ट काळोख झाला, लोकरीचा आणि घामाचा वास. त्या काळोखात माझ्या चारही गाठी पेटलेल्या होत्या. बाकी वेढा अंधारात, नुसत्या गाठी लाल. जिथं जिथं मी आवळलं होतं तिथं तार धाग्याखाली इवलीशी मुडपली होती, आणि बांगडी धरून जपलेला सगळा उजेड तिथून बाहेर येत होता.

"धागा अंधारात लाल दिसत नसतो, बेटी," चाचा हळूच म्हणाले. घोंगड्याखाली वहिनीचा श्वास मला ऐकू येत होता. ती हसली असती तर मी तिला तिथंच धरली असती. ती हसली नाही. तिनं हात पुढं केला, धाग्याच्या गाठी एकेक करून सोडल्या, आणि एकेक लाल ठिपका विझला. माझ्या गाठी सोडायला वेळ लागतो. तिनं तो घेतला.

चाचांनी निर्मलाचं नाव दिलं. म्हणाले, "नंदाचा हात पक्का आहे, पण या कामाला थोडा कच्चा हात लागतो." मी घरामागं जाऊन गोवऱ्यांच्या ढिगाआड बसले आणि रडले. गेलेल्या जागेसाठी रडले, आणि त्याहून जास्त यासाठी की माझी सगळ्यात चांगली गोष्टच मला आडवी आली, आणि तिची सगळ्यात वाईट गोष्ट तिच्या कामी आली. यात न्याय कुठला? अजूनही मला यात न्याय दिसत नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही, कारण दादा बिथरला. सकाळच्या चहाला सगळे ओसरीवर होते. दादा म्हणाला, "माझी बायको रस्त्यावरच्या खड्ड्यात बसणार? जालन्याला एकटी राहणार? लोक तोंडात शेण घालतील." आई म्हणाली, "मग नंदी जाऊ दे. तिचंबी शिकून झालंच की." बाबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. दादा म्हणाला, "हां, नंदी जाऊ दे." वहिनी चुलीपाशी होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. तिच्या हातातलं लाटणं मात्र थांबलं होतं. पोळी अर्धी लाटलेली.

म्हणजे जागा मला मिळाली होती. मागितली होती तीच, हातात आणून दिली होती. पण मला ती तशी नको होती. तिनं टाकलेलं ताट, आणि मी त्यावर बसायचं. उद्या गावात म्हणणार, निर्मलेला जमलं असतं पण नवऱ्यानं सोडली नाही म्हणून नंदी गेली. मी जालन्याला मशीन चालवत असताना ती इथं चुलीपाशी बसून पहिल्या नंबरची राहणार, आणि मी तिथं जन्मभर दुसऱ्या नंबरची. मी कपबशी खाली आदळली. "मी नाही जायची," म्हणाले. "मला उष्टं नको. तिचं नाव आलंय, तिला पाठव. नाही पाठवलं ना दादा, तर मी विहिरीवर, गिरणीवर, सगळीकडं सांगीन की बायकोचा नंबर लागला म्हणून हा माणूस भ्याला." दादा माझ्या अंगावर धावून आला. बाबा मध्ये उभे राहिले. बाबांनी एवढंच विचारलं, "निर्मले, तुला जायचंय का गं?" चुलीपासून आवाज आला, "हाव." बस, एवढाच. मग बाबा दादाला म्हणाले, "तूच सोडून ये तिला."

गावानं या गोष्टीचं काय केलं ते सांगते. नणंद असावी तर नंदासारखी, भावजयीसाठी भावाशी भांडली, स्वतःची जागा सोडली. माझ्या लग्नात, डोणगावला, सासरच्या बायकांनी हीच गोष्ट ऐकलेली होती. अजून कुणी कुणी आपल्या पोरींना सांगतात. मी मान डोलावते. मला मनातलं खरं माहीत होतं. एक तर मला उष्टं नको होतं. दुसरं, ती गेली की ते घर पुन्हा माझं होणार होतं, माठ माझा, चूल माझी, दारातली हाक माझी. तर झालं काय? ती गेली त्या संध्याकाळी बाबा शेतातून आले, दारात उभे राहिले, आणि म्हणाले, "नंदे, निर्मलेचा फोन आला का गं?" माझं लग्न होईपर्यंत रोज हेच. चहा मी न सांगता टाकायची.

वहिनी मशीन शिकली, पुढं जालन्यात तिच्या हाताखाली चार माणसं आली, दादाही तिच्यामागं गेला आणि ठेकेदाराची गाडी चालवू लागला. वरवटचे तिचे भाऊ तिनं शिकवले. मी डोणगावला पोळ्या लाटल्या, भुईमूग काढला, सोयाबीन काढली, दोन लेकरं वाढवली. वाईट चाललं असं म्हणणार नाही. पण तिचा फोन आला की फोन ठेवल्यावर मी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते. हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे.

मागच्या पौर्णिमेला ती डोणगावला आली होती. आमच्या घरात आता ती काचेची तार भिंतीतून आत आलेली आहे, टीव्हीमागं डबा आहे, आणि इंटरनेट गोगलगायीसारखं चालतं म्हणून लेकरं बोंबलतात. वहिनी चहाचा कप घेऊन टीव्हीमागं वाकली आणि तिथंच बसली. जास्तीची तार मी व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली होती. धाग्यानं बांधून. मलाही ते त्या क्षणापर्यंत ध्यानात नव्हतं, शपथ घेऊन सांगते. ती गाठ सोडू लागली. "अजून तेच," म्हणाली. आता ती मला बाई म्हणत नाही, नंदा म्हणते. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. का कोण जाणे, इतक्या वर्षांचं तोंडाशी आलं. म्हणाले, "वहिनी, मी तुला जालन्याला पाठवलं ते तुझ्या भल्यासाठी नव्हतं. मी जळत होते तुझ्यावर. तू घरातून जावीस असं वाटत होतं मला."

"मालूम हाय," ती म्हणाली. तिचे डोळे गाठीवरच.

"कधीपासून?"

"तवापासूनच. तू माहे पडलेले धागे वेचून आने तवापासून." गाठ सुटली, तिनं धागा बाजूला ठेवला. "नंदा, त्या घरात माह्या हाताकडं कोन पाहे? तुहा दादा भाकरीकडं पाहे. आई कामाकडं पाहे. बाबा गरीब माणूस, चहाकडं पाहेत. तू एकटी माह्या हाताकडं पाहे. जयून पाहे, पन रोज पाहे. मले वाटे, एवढी हुशार पोरगी एवढी जयते, म्हंजे आपल्या हातात कायतरी असनच. नाही तं मी त्या दिवशी हाव म्हनलं असतं काय?"

 बाहेर गिरणी चालू होती आणि आतल्या खोलीत लेकरं भांडत होती. तिनं तार मोकळी केली, बोटांनी सरळ केली आणि नव्यानं वेढा घ्यायला लागली. मग थांबली, आपल्या मनगटाकडं बघितलं. तिच्या हातात अजून दोन-चारच होती, इतक्या वर्षांनी, आणि खरं सांगते, त्या घडीलाही मला ते बघून टोचलं. तिनं माझ्यापुढं हात केला.

"तुही बांगडी दे," ती म्हणाली. "माही लहान पडते याले."

मी काढायला गेले, पण आता हात आणखी भरलाय. अंगठ्याच्या हाडावरून बांगडी सरकेना. मी साबण आणायला उठले.